माझं काही नाही हो!

३ ऑगस्ट २००८

दुसऱ्या मजल्यावरचा अभिनव पेढे घेऊन आला. आठवडाभर खराडीत सॉफ्टवेअर, उरलेल्या वेळात आमच्या सोसायटीचा सचिव, आणि रविवारी आफ्रिकेचा उद्धार! संस्था काढली आहे — आफ्रिकन तरुणांनी माध्यमांतून समाज बदलावा म्हणून. "मॅडम, तुमच्या पेइंग गेस्टला पाठवा ना. आपल्याला एम्पॉवर करायचंय त्यांना."

नीमा टांझानियाची. इथे कॉलेजात शिकते, जूनपासून माझ्याकडे राहते. जिन्यात भेटली तर हा भिंतीकडे बघतो, असं मी मनात म्हटलं. मग मोठ्यानेही म्हटलं.

१० ऑगस्ट

नीमा अभिनवच्या वर्गाला जाऊन आली. गृहपाठ — समाजातला एक प्रश्न निवडून छोटी फिल्म करा. मराठी ती आमच्या कामाच्या मालनबाईंकडून शिकते, त्यामुळे 'आहे'चं 'हाय' झालं आहे. म्हणाली, "आजी, प्रश्नच सापडत नाय."

१३ ऑगस्ट

सापडला!

अभिनव पुन्हा आला. आज पेढे नाहीत. "मॅडम, माझं काही नाही हो. पण बाकीच्यांचं म्हणणं आहे, परदेशी भाडेकरू नकोत. रविवारी सभेत ठराव आहे. पास झाला तर खोली रिकामी करावी लागेल त्यांना."

म्हणजे सकाळी एम्पॉवर आणि संध्याकाळी सामान बाहेर! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अशांना बाकावर उभं करत.

१५ ऑगस्ट

नीमा कॅमेरा घेऊन दारोदार फिरते आहे. माणसं पावडर लावून बसतात!

१७ ऑगस्ट

सभा. ठरावाआधी नीमाची फिल्म. पडदा अभिनवनेच लावला. त्याने ती आधी पाहिली नव्हती. आपण तिच्यात आहोत, एवढं त्याला पुरलं.

तळमजल्यावरचे दीनानाथराव: "माझं काही नाही हो, पण वरच्यांना चालत नाही." वरच्या आनंदीबाई: "आम्ही कसले जुनाट! पण सेक्रेटरी फार कडक." सेक्रेटरी: "माझं काही नाही हो, पण बाकीच्यांचं…" की पुन्हा दीनानाथराव! फिल्म गोल फिरत राहिली. अंधारात कुणीतरी खोकलं.

दिवे लागल्यावर मी उभी राहिले. "ह्यातल्या 'बाकीच्यांनी' कृपया हात वर करावेत."

एक हात नाही! ठराव बारगळला. अभिनवने टाळ्या वाजवल्या — बहुधा स्वतःसाठी.

१९ ऑगस्ट

आनंदीबाईंनी साबुदाण्याची खिचडी दिली. "तुमच्या गेस्टलाही द्या हं." दारातूनच. गेस्ट त्यांच्यासमोर उभी होती.

२४ ऑगस्ट

नीमा गेली. लोणी काळभोरला, मैत्रिणीकडे. अगं, आता कुणी नको म्हणत नाही ना, मी विचारलं. "नाय म्हनत," म्हणाली, आणि बॅग उचलली.

"आजी, जाते."

जाते म्हणू नये बाळ, येते म्हणावं.

"पन आजी, 'ये' कुनी म्हनलंय?"