एकास पस्तीसचा ट्रक

१ मे २०१६, रविवार. दुपार.
कूलर बंद ठेवण्याच्या प्रश्नावर आज या घरात एकमत होऊ शकलं नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावी. जगातली सगळी मोठी कामं कूलर निघायच्या आधी झाली आहेत. पण विभावरीचं म्हणणं, तुमचं मोठं काम होईपर्यंत आम्ही भाजून निघायचं काहून? मी शांतपणे समजावलं की ट्रकच्या मॉडेलच्या किटमधला हेडलाइट मसुरीच्या डाळीएवढा आहे, कूलरच्या वाऱ्याने सरळ गावाच्या पार टोकाला, गढ्याला पोचेल. ती म्हणाली, बरंच आहे, शालिग्रामजी तिकडेच राहतात, डिलिव्हरी आपोआप होईल.
बायकोला विनोद सुचायला लागले की नवऱ्याने कामाला लागावं. उद्यापासून लागतो.

२ मे. संध्याकाळ.
पार्श्वभूमी लिहून ठेवतो. शालिग्रामजी एकतीस तारखेला रिटायर होऊन राहिले. आमच्या लष्करी ट्रकांच्या फॅक्टरीत ते आयुष्यभर असेंब्लीवर. काम एकच, ट्रकच्या केबिनला दरवाजे बसवणे. रिटायर होणाऱ्याला सेक्शनतर्फे भिंतीवरचं घड्याळ देतात, म्हणजे ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला वेळ दाखवतात. दिवाकरने यंदाही घड्याळच सुचवलं. दिवाकर माझ्या बाजूच्या टेबलावर बसतो. कल्पनाशक्ती नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, या माणसाला ट्रक द्या. लष्करी ट्रकचं मॉडेल. मी स्वतः बनवीन.
टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आवाजात आपण काय कबूल केलं ते टाळ्या थांबल्यावर ऐकू येतं.
नंतर शालिग्रामजी जवळ आले आणि सांगू लागले. गेटच्या आत मोबाइलसुद्धा नेता येत नाही, त्यामुळे आपण काय करतो ते राधाबाईला, म्हणजे त्यांच्या मिसेसना, कधी दाखवताच आलं नाही. ती अजून समजते की आपण ट्रक चालवतो. मग हळूच विचारलं, दरवाजे उघडतील ना भय्यासाहेब?
म्हटलं, उघडतील म्हणजे काय.
किट सेक्शनच्या वर्गणीतून, आमच्या पोरीने, अंजनीने ऑनलाइन मागवलेली, जपानी कंपनीची. ट्रक परदेशी आहे. पण हिरवा रंग दिला की सगळे फौजी सारखेच दिसतात.

४ मे.
डबा उघडला. आत ट्रक नाही. प्लास्टिकच्या जाळ्या आणि त्यांना चिंचेसारखे लटकलेले तुकडे. डब्यावर लिहिलं आहे, एकास पस्तीस, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा हिस्सा, आणि चौदा वर्षांच्या वरच्यांसाठी. मी बावन्नचा. सूचनांचा कागद चित्रांचा आहे, बाजूला ठेवला. मी इन्स्पेक्शनचा माणूस. दुसऱ्याचं काम नापास करण्यात केस पांढरे झाले. काम कसं नसावं हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ते वगळलं की उरतं ते बरोबर.
संकल्प: रोज थोडे तुकडे, रविवारी भरपूर. वीस तारखेला ट्रक तयार. पुढचे दिवस नुसतं बघत बसणे.

७ मे.
प्रगती नाही. नेलकटर सापडत नाही.

८ मे, रविवार.
नेलकटर अंजनीकडे होतं. झपाट्याने काम. आमच्या स्टोअरची पद्धत वापरली: आधी सगळा माल सुटा करायचा, मग आकाराप्रमाणे लावायचा. एका बैठकीत जाळ्यांवरचा एकूण एक तुकडा कापला. घरातल्या सगळ्या वाट्या भरल्या. जेवताना वरण ताटात वाहून राहिलं, विभावरीने भाताचा बांध घातला.

९ मे.
तुकड्यांचे नंबर तुकड्यांवर नसतात. जाळीवर असतात. जाळ्या काल कचरेवाला घेऊन गेला. ही गोष्ट कंपनीने आधी सांगायला हवी होती. अंजनीने कागद बघितला आणि म्हणाली, पापा, पहले ही पन्ने पर लिखा है. मी म्हटलं, जपानीत असेल. म्हणाली, अंग्रेजी में भी है, और नेलकटर पर क्रॉस भी बना है. पोरीला मराठी पुरती कळते, पण बापाची चूक दाखवायची असली की हिंदीच लागते.
हरकत नाही. अनुभवाने ओळखू.

१२ मे.
खिडक्या बंद, पंखा बंद, कूलर बंद. गळ्यात ओला टॉवेल. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली, त्याच अवस्थेत चहा घेतला. विभावरी म्हणाली, छान दिसून राहिले, प्रवचनाला बसा.
ऑफिसात दिवाकर रोज विचारतो, गाडी लाइनवर आली का, की अजून यार्डातच? मी रोज सांगतो की क्वालिटीला वेळ लागतो. आज मोठ्याने सांगितलं, शालिग्रामजी ऐकत होते म्हणून. ते खुश झाले. मला घाम आला.

१५ मे, रविवार.
चेसिस उभी राहिली. चारपैकी तीन चाकं जमिनीला टेकतात. चौथं, खांबाजवळच्या कुत्र्यासारखं, किंचित वर. आपल्याकडचे रस्ते पाहता हे योग्यच आहे. टेबलावर जागा नसल्याने घर खाली बसून जेवतं. मांडी घालून जेवणं तब्येतीला चांगलं, हे मी कधीचं सांगत होतो.

१८ मे.
दिवाकरला सहज म्हटलं, तसं पाहिलं तर घड्याळही वाईट नसतं, परंपरा आहे. तो नुसता हसला. मग शालिग्रामजींचीच खबर दिली: राधाबाईंनी टीव्हीच्या वरचा कोनाडा रिकामा केला. तिथे त्यांच्या माहेरचे चिनी मातीचे हत्ती होते, ते बहिणीला देऊन टाकले. धूळ बसू नये म्हणून ट्रकला पडदा शिवला.
पडदा शिवला. आता कुठे जायचं माणसाने.

२२ मे, रविवार.
आज रंग. कागदावर अत्तराएवढ्या बाटल्यांतला खास रंग सांगितला आहे. हा पोरखेळ. खऱ्या ट्रकला जो लागतो तोच लावायचा, हा माझा निर्णय. गोहलपुरात डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात गेलो. फौजी हिरवा मागितला. भैयाने विचारलं, बोनट का या डाला, म्हणजे मागचा हौदा? मी म्हटलं, पूरी गाड़ी. तो माझ्या मागे रस्त्यावर गाडी शोधून राहिला. शेवटी त्याने रंग दिला, वर थिनरची बाटली दिली.
थिनर सढळ हाताने घातलं. दरवाजे आधी. शालिग्रामजींचे दरवाजे, म्हणून दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात. वर्तमानपत्रावर वाळत ठेवले. मग उरलेला ट्रक. काय रंग! गेटमधून आत्ता बाहेर पडल्यासारखा. विभावरीसुद्धा दोन मिनिटं बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. थिनरमुळे, म्हणाली.

२३ मे. सकाळ.
एक दरवाजा पापडासारखा वळला आहे. दुसरा वर्तमानपत्रात रुतला. सोडवला तर त्यावर "पारा पंचेचाळीसवर" उलट्या अक्षरांत उमटलेलं, आणि बिजागरीचा पत्ता नाही. बॉनेट मधून खचलं. ऊन फार आहे यंदा.
अंजनीने फोनवर शोधलं. थिनरने हे प्लास्टिक विरघळतं म्हणे. मी म्हटलं, खऱ्या ट्रकला तर काही होत नाही. ती म्हणाली, पापा, वो लोहे का होता है.
यावर विचार करून उत्तर देईन.

२६ मे.
लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे दरवाजे करून पाहिले. बसले नाहीत. बसले असते तरी उजव्या दरवाजावर "चि. सौ. कां." दिसून राहिलं असतं.
नवी किट मागवावी तर यायला दहा दिवस.

३० मे.
शालिग्रामजी टेबलापाशी आले. ट्रकबद्दल एक अक्षर नाही. इतकंच म्हणाले की उद्या राधाबाई गेटवर येऊन राहिली. आमच्याकडे शेवटच्या दिवशी मिसेसला बोलावतात, दोघांना हार घालून फुलांच्या जीपमध्ये बसवतात आणि बँड लावून घरी पोचवतात. नवी साडी घेतली, म्हणाले.
मी म्हटलं, ट्रक तयार आहे. तोंडातून निघून गेलं.

३१ मे. सकाळ.
मला लू लागली, उन्हाचा तडाखा. अंगात ताप नाही, पण लू अशीच असते, आतून. दिवाकरला बारीक आवाजात फोन केला. तो म्हणाला, आराम करा भय्यासाहेब, घड्याळ आणून ठेवलं आहे. कधी आणलं? तर म्हणे, दोन तारखेला.
कांदा उशाशी घेऊन पडलो. विभावरीने कैरीचं पन्हं दिलं आणि म्हणाली, लवकर बरे व्हा, संध्याकाळी पाच वाजता, फॅक्टरी सुटली की.

३१ मे. संध्याकाळ.
सहाच्या सुमारास बँड ऐकू आला. गढ्याचा रस्ता आमच्याच दारावरून जातो, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. वाटलं, जाईल पुढे. बँड दाराशी थांबला. तोवर अंजनीने दार उघडलं होतं.
शालिग्रामजी गळ्यात हार घालून आत आले, मागे राधाबाई नव्या साडीत. आज तुम्ही नव्हते, बरं वाटलं नाही, म्हणाले. आजाऱ्याला पाहिल्याशिवाय घरी कसं जायचं? मी कांद्यासकट उठून बसलो. ट्रकवर टॉवेल टाकायला हात लांब केला, पण टेबल दूर होतं.
त्यांनी ट्रक उचलला. खचलेलं बॉनेट बघितलं. अधांतरी चाक बोटाने फिरवलं. शेजारी पडलेला वळलेला दरवाजा उजेडात धरला आणि म्हणाले, "भय्यासाहेब, हा पास कोणी केला?"
राधाबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "याले दरवाजे कुठी हायत?"
मी बोलायला तोंड उघडलं. ऊन, थिनर, जपान, सगळं तयार होतं.
शालिग्रामजींनी वळलेला दरवाजा खाली ठेवला. ट्रक राधाबाईंच्या डोळ्यांसमोर धरला आणि दरवाजाच्या रिकाम्या जागेवर बोट टेकलं. "माह्यापाशी असाच येत होता हा. रोज. दरवाजे नसलेला. इथं पाह्य, इथं मी उभा राहत होतो."
त्यांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाल्या, "एवढा उंच?"
"स्टूल होता," ते म्हणाले.
मग विभावरीने चहा टाकला. स्टूल केवढा होता, कोणत्या हातात काय धरायचे, वाकले की पाठ कुठे दुखायची, राधाबाई एकेक विचारत होत्या आणि ते ट्रक फिरवून फिरवून सांगत होते. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.
मी मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या अंगाला आलो. बँडवाले आमच्या पायरीवर घाम पुसत बसले होते. त्यांचा म्होरक्या म्हणाला, भैया, गढ़ा तक की बात हुई थी, ये आधा घंटा किसके खाते में? मी पायजम्याचा खिसा चाचपला. होते तेवढे दिले. कमी नव्हते. अंदर किसी से मत कहना, म्हटलं.
थोड्या वेळाने शालिग्रामजी आणि राधाबाई जीपमध्ये चढले. ट्रक राधाबाईंच्या मांडीवर, पदराखाली. बँडवाले उठले आणि वाजवायला लागले.