तिसऱ्या मजल्यावरचा भोपळा

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा, धाप का लागलीय. मी म्हटलं, सर्दी झालीय. साफ खोटं. मी तेव्हा मातीचं पोतं खांद्यावर घेऊन आपला तिसऱ्या मजल्याचा जिना चढत होतो. आता कबूल करतोच आहे तर सगळंच सांगतो.

मागे येऊन गेलीस तेव्हा तू एक लाल भोपळा आणून ठेवला होतास. एकट्या माणसासाठी भोपळा कोण चिरत बसणार? तो ओट्याखाली तसाच पडून राहिला. शेवटी वास यायला लागला म्हणून टाकून देण्याआधी चिरला, तर आत बियांना कोंब फुटलेले! पांढरे, वळवळीत, आणि एकाला तर चक्क दोन हिरवी पानं. चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं उघडली, पण उघडल्यावर असा कधी दचकलो नव्हतो. कचऱ्यात टाकायला हात धजेना. गळकी बादली घेतली, खालच्या बागेतून माती आणली आणि दोन कोंब लावले.

मग मला चेव चढला. टोमॅटो लावले, मुळे लावले. मुळ्यांचं काय झालं ते ऐकून हसशील. किती वाढलेत ते बघायला मी रोज एकेक उपटून पाहायचो आणि परत खोचायचो. उघडून बघितल्याशिवाय चैन न पडण्याची माझी जुनी खोड. आठवड्यात सगळे माना टाकून मोकळे झाले. टोमॅटोंना सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घातलं, तर ते बुडाशी कुजले आणि गाळमिश्रित पाणी गॅलरीतून थेट खालच्या सिस्टरांच्या वाळत घातलेल्या चादरींवर.

सिस्टर तुला आठवतात ना? दुसऱ्या मजल्यावरच्या, निवृत्त नर्स. ती ओली चादर हातात घेऊनच वर आल्या. म्हणाल्या, "अहो, झाड लावलंय की विहीर खणलीय?" मी आपला मान खाली घालून उभा. त्यांनी बादलीत बोट खुपसलं आणि सांगितलं की दोन पेरं आत माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं, पेशंटला काय सारखं सलाइन लावून ठेवतात का? तेव्हापासून रोज सकाळी राउंडला आल्यासारख्या येतात आणि मला झापतात. लगेच भलतंसलतं डोक्यात आणू नकोस. झापतातच फक्त.

भोपळ्याचा वेल मात्र गॅलरीचे गज धरून वर गेला. पिवळीधमक फुलं आली आणि सगळी गळून पडली. सिस्टर म्हणाल्या, हे सगळे नवरदेवच आहेत, नवरी कुठेय? पंधरा दिवसांनी एक फूल आलं, देठाशी बोराएवढी गाठ घेऊन. पण आपल्या मजल्यावर मधमाशी कुठली यायला? मग घड्याळाच्या चाकांमधली धूळ झटकायचा माझा बारीक ब्रश काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि नवरदेवाचे पराग टिपून नवरीला लावले. सिस्टर वेल धरून उभ्या, समोरच्या घरातली तीन माणसं दारात श्वास रोखून. चिमे, माझा हात जराही थरथरला नाही. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

गाठ लिंबाएवढी झाली, मग मुठीएवढी, आता माझ्या दोन तळव्यांत मावत नाही. वेलाला भार नको म्हणून आईच्या निळ्या स्कार्फची झोळी करून भोपळा टांगलाय. ती आधी चिडली असती, मग तिनेच सगळ्या जिन्याला बोलावून दाखवलं असतं. जिन्यातले सगळे येता-जाता विचारतात, आज केवढा झाला? आणि गेल्या सोमवारी मी वर्षभर बंद असलेल्या दुकानाचं शटर वर केलं. दोनच तास. एक बाई बंद पडलेलं गजराचं घड्याळ घेऊन आल्या, आणि ते चालू झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू पाठवलेलं तिकीट मिळालं. माझ्यासाठी खोली रंगवलीस, जावईबापूंनी स्वतः पलंग वर चढवला, हेही कळलं. आई गेल्यावर तू येऊन "आता आमच्याकडेच राहायचं" म्हणालीस तेव्हा मी मान डोलावली होती. त्या दिवसांत कुणी चंद्रावर चला म्हटलं असतं, तरी डोलावली असती. पण बाळा, मी राहायला येत नाही. सुटीत येईन, पंधरा दिवस, तुला कंटाळा येईपर्यंत. रडू नकोस आणि जावईबापूंना माझ्या वतीने सॉरी म्हण. वर्षभर तू रोज विचारायचीस आणि मी रोज सांगायचो की मी बरा आहे. ते तुला कधीच पटलं नाही, आणि तुझंच बरोबर होतं. आज मात्र खरंच सांगतोय. मी बरा आहे.

तुझाच,
बाबा