लाभ, दोन, तीन

मंगळवार, संध्याकाळ. पोलादपूर.

कानात अजून देवजीकाकांची मोजणीच चालू आहे. लाभ, दोन, तीन.

कारखान्याच्या सर्व्हरची एक डिस्क आज मेली. मी इथे घरी, लॅपटॉपवर कमांड देऊन तपासलं तर स्क्रीनवर आलं, दोन नंबर. लगेच बिरवाडीला, कारखान्यात फोन लावला. काका तिथले वायरमन, मूळचे पाचाडचे, भातशेतीवाले. म्हटलं, "काका, दोन नंबरची डिस्क ओढून काढा."

ते डावीकडून मोठ्याने मोजू लागले, भात मापतात तसे. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ, दोन…" आणि मी कुठे होतो? खळ्यावर. बाबांच्या पायलीतून भात सांडत होतं, उन्हात कोंडा तरंगत होता. मशीन शून्यापासून मोजतं, म्हणजे त्याचं दोन ही आपली तिसरी डिस्क, हे सांगायचं राहूनच गेलं. एक मेलेली असताना आणखी एक चांगली डिस्क ओढली गेली असती, तर सगळ्या नोंदी गेल्या असत्या.

काकाच थांबले. "सायेब, हिचा दिवा हिरवा हाय. जित्तीला कशाला काढू?"

इतकी वर्षं हेच काम करतोय, आणि आज असं कसं झालं?

शून्याचं समजावलं. त्यांनी तिसरी काढून नवी बसवली. फोन ठेवताना म्हणाले, "पयल्यालाच शून्य म्हणायचा? मंग माप भरायचा कसा?"

नवी डिस्क अजून नोंदींनी हळूहळू भरते आहे. खोलीत कोणी नाही बघून मी तिला लाभ म्हटलं.