हरवलेली तपकिरी पेटी

वन्सं,

आधी वाकून नमस्कार (गुडघे पाहता कागदावरच वाकते). तुमचा खोकला कसा आहे? भाऊजी कानातलं यंत्र लावतात, की अजून ऐकू न येण्यातच सुख मानतात?

इथे मी ठीक. लेकीने बोलावल्यापासून फारसी शिकते आहे. तिच्या देशात विमानतळापासून तिच्या गावापर्यंत दिवसभराचा गाडीप्रवास, आणि न्यायला यायला तिला रजा नाही. ग्रंथालयात प्रवाशांसाठीचं एक जुनं पुस्तक मिळालं. लिहिणारा गृहस्थ फार कमनशिबी (सोबत बायको नसावी). त्याची गाडी चुकते, तिकीट पडतं, पेटी हरवते. सुखाने बसला असं एक वाक्य नाही. तरी सगळं घोकलं. कतार म्हणजे गाडी, ईस्तगाह म्हणजे स्टेशन, चमदान म्हणजे पेटी.

मग कोपऱ्यावर गालिचे रफू करणारे म्हातारबुवा आहेत, त्यांची बोली फारसी, त्यांच्यापुढे परीक्षेला उभी राहिले. ठणकावून म्हटलं, "चमदान-ए-मन गुम शुदे." माझी पेटी हरवली. मला वाटलं, शाबास म्हणतील. ते सुई टाकून उठलेच! शेजारच्या न्हाव्याला हाक मारली, तो वस्तरा घेऊन धावला, आणि सगळी गल्ली माझी पेटी शोधू लागली. आपल्या भाषेत खरं सांगावं, हे घाबरून सुचेचना. अर्धी दाढी झालेल्या एका गृहस्थाने विचारलं, "रंग कोणता, मावशी?" आणि मी सांगितलं, "तपकिरी!"

उलगडा झाल्यावर म्हातारबुवा डोळे पुसत हसले. "बाई, काहीतरी बरं घडलेलं शिका की!" म्हणून त्यांनी नवं वाक्य दिलं: "ईन् जा खालीये?" ही जागा रिकामी आहे का? घरी सरावाला बसले, तर समोर ह्यांची खुर्ची. वही मिटली. काही खुर्च्यांना हा प्रश्न विचारू नये, वन्सं. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या स्टुलाला विचारला. म्हातारबुवा म्हणाले, "बेफर्माईद." म्हणजे बसा. बसले. बरं वाटलं.

भाऊजींना नमस्कार (मोठ्याने सांगा).

तुमची,
वहिनी

ता. क. उत्तराची घाई नाही.

ता. क. घाई आहे. तिकिटं दोन काढली आहेत. खिडकी तुमची (तुमच्या भावाने मला ती कधी दिली नाही, त्यामुळे सवय नाही). पेटी तपकिरी आणा, गल्लीचा जीव भांड्यात पडेल. आणि नको म्हणू नका. गाडीत कोणी येऊन माझ्या शेजारची जागा रिकामी आहे का विचारलं, तर मला 'नाही' म्हणायचं आहे.