वकिलाच्या सल्ल्याने अबोला

प्रिय धाकट्या,

आपलं भांडण आपल्याला खरं कितीला पडलं, याचा हिशोब काल मनाशी मांडला. पैसे सोडून दिले. आईला अखेरपर्यंत दोन घरांत वाटून घ्यावं लागलं. तुझ्या लेकीच्या लग्नातून मी मागच्या खुर्चीवरून उठून निघून आलो. कशासाठी? तर दारावरची बेल कुणाची गोड वाजते यासाठी!

आणि आता आपले बेलचे दोन्ही कारखाने एक करायचं ठरलं, तर सही करणार नाहीस म्हणून तुझा निरोप आला. ‘दादाच्या मनात नसेल तर राहू दे.’ वकीलबाईंनी तो वाचून दाखवला, तरी मी दोनदा विचारलं.

त्यांच्या कचेरीतला पहिला दिवस आठवतो का? अख्खा मजला फक्त स्पर्धेच्या कायद्याचा. आपल्या लेकीच्या वयाची ती बाई, पण चेहरा केवढा गंभीर! एकत्र यायला स्पर्धा आयोगाची परवानगी येईपर्यंत तुम्ही प्रतिस्पर्धीच. भाव, गिऱ्हाईक, नवा माल, कशावरही भावाशी अवाक्षर नको, म्हणाली. मी म्हटलं, बाई, या सल्ल्याची फी लावू नका, हा आम्ही वर्षानुवर्षं फुकटात पाळतोय. तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. हसू लपवायची तुझी रीत मला ठाऊक नाही होय?

मग तिने विचारलं, भावाची बेल महागली तर त्याचं गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल का? मी ताठ बसून सांगितलं, छे! कान असलेला माणूस डोळे मिटून फरक सांगेल. मी तर गल्लीच्या टोकावरून ओळखतो, कुणाच्या दारावर कुणाची बेल वाजली ते. तिच्या माणसांनी दुकानं पालथी घातली. लोक म्हणाले, दोन्ही सारख्याच. परवानगीही चटकन आली, कारण आपण दोघं मिळूनसुद्धा कुणाचं वाकडं करू शकत नाही. लोक आता दारात उभे राहून फोन करतात.

हल्ली गल्लीही फार मऊ झाली आहे. भांडी कापसावर ठेवल्यासारखी. तुझी वहिनी पुटपुटते, कामगार काचेपलीकडून हसतात. झोपेत मात्र सगळं लख्ख असतं. आपण पत्र्याच्या शेडमध्ये, तू पितळी वाटीला टिचकी मारतोस, मी पाठमोराच सांगतो, हिला तडा आहे. वाटी वाजतच राहते, शेड विरघळते, वाटी चंद्राएवढी होते आणि आपण दोघं तिच्या आवाजात तरंगत असतो. उठावंसं वाटत नाही.

आज समोरच्या शिंप्याने दंडाला धरून, कानाशी तोंड आणून सांगितलं. परवानगी आली त्याच संध्याकाळी तू आला होतास. तीनदा बेल दाबलीस. आत दिवा होता, खिडकीतून माझं डोकं दिसत होतं. बराच वेळ थांबलास आणि गेलास. धाकट्या, वहिनी बाहेर गेली होती आणि मी दाराकडे पाठ करून, खुर्चीत, तुझीच वाट बघत बसलो होतो. म्हणून हे पत्र. फोन करू नकोस. ये, कडी काढून ठेवली आहे, सरळ आत ये. बेल मघाशी तपासली. माझ्याच कारखान्यातली आहे, ठणठणीत वाजते. तुझ्या वहिनीला मागच्या खोलीत ऐकू गेली. बटणावर बोट ठेवून उभ्या असलेल्या मला नाही.

तुझाच,
दादा