कानात कापूस, हातात दोन फोन

नागपूर, शुक्रवार

प्रिय ताई,

तुझी संत्री पोचली. जितेंद्रने पेटी ओसरीत ठेवली, उभ्याउभ्या चहा घेतला आणि तुझा निरोप सांगितला. तुझ्या मुलाचा आवाज तुझ्यासारखाच खणखणीत, त्यामुळे तो सगळ्या घराला ऐकू गेला. "माय म्हणे, मामाले सांग, बारशाले येऊन मी काय करू? लोकाइची तोंडं पाहत बसू?" तुझी भावजय प्रेमिला गाळणी हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी एक संत्रं देवापुढे ठेवलं आणि जितेंद्रला म्हटलं, बरं, उत्तर कळवतो. फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही, आणि जितेंद्रच्या तोंडी उत्तर पाठवलं तर निम्मं वाटेत सांडेल. म्हणून कागद घेतला आहे. समजूत घालायला बसलो असं समजू नकोस. मला तुला दोन फोनांविषयी सांगायचं आहे.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तुझ्या कानांचं काय सांगितलं ते तुला आठवत असेलच. आवाज पोचतो, पण शब्द सुटे होत नाहीत. कानाचं यंत्र लावलंस तेव्हा तू म्हणाली होतीस की आता गोंधळच मोठ्यानं ऐकू येतो, आणि ते डब्यात ठेवून दिलंस. त्यानंतर आमच्या सुनेच्या, रितिकाच्या, डोहाळजेवणाला ती गोष्ट झाली. तिच्या आईनं, कुसुमताईंनी, तुला कौतुकानं विचारलं, "बाळ कोणावर जाईल हो?" आणि तू म्हणालीस, "साडेसातच्या एसटीवर." सगळ्या बाया हसल्या. तूही हसलीस, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. पण जेवताना तू मान वर केली नाहीस आणि दुसऱ्या दिवशी साडेसातच्या एसटीनं काटोलला निघून गेलीस. तेव्हापासून तू इकडे आलेली नाहीस. नातीला महिना होऊन गेला, अजून तिचं तोंड पाहिलं नाहीस.

मागच्या पंधरवड्यात आयुषनं मला त्याच्या फोनमधली एक गंमत दाखवली. समोरचा माणूस बोलतो आणि त्याचं बोलणं पडद्यावर मराठीत उमटत जातं. त्याची बोटं कुठेही लागत नव्हती. तो नुसता म्हणाला, "बाबा, गादीवरून उठा, पोरीचं दुपटं तुमच्याखाली आहे," आणि ते वाक्य मी उठायच्या आत लिहून झालं होतं. ताई, मी पुन्हा खाली बसलो. आपल्या शाळेत गुरुजी शुद्धलेखन सांगायचे तेव्हा एका ओळीला किती वेळ लागायचा. तू पाटी माझ्याकडे तिरपी धरायचीस म्हणून माझं पूर्ण व्हायचं. आणि इथे मुठीएवढी वस्तू माणसाच्या तोंडातून शब्द पडताच झेलून घेत होती. त्या क्षणी मला तुझ्याशिवाय दुसरं कोणी आठवलंच नाही.

माझ्या जुन्या फोनमध्येही ही सोय निघाली. दोन्ही अँड्रॉइडच, म्हणजे आतला जीव एक आणि देह वेगवेगळे, असं आयुष सांगतो. मग कोणता देह तुझ्या कामाचा, हे पाहायचं ठरवलं. तुला माहीत आहे, कन्हानच्या खाणीत माझं काम दिवे देण्याचं. खाली उतरणाऱ्या माणसाच्या टोपीवरचा दिवा उजेडात तपासून कळत नाही. अंधाऱ्या खोलीत जावं लागतं आणि स्वतःच्या डोक्याला बांधून पाहावा लागतो. म्हणून रविवारी सकाळी पूजा झाल्यावर मी दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून मफलर बांधला आणि दोन्ही फोन पुढे ठेवून ओसरीत बसलो.

पहिली आली प्रेमिला. तिचे ओठ हलले आणि माझ्या फोनवर उमटलं, "मेले बाजारात जायचं आहे." मी दचकलो. मग आयुषच्या फोनकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, "मला बाजारात जायचं आहे." ती बिचारी "मले" म्हणाली होती. माझ्या फोननं तिला मारून टाकलं आणि आयुषच्या फोननं तिला पुण्याला नेऊन ठेवलं. मग शेजारचे मारोतराव आले. ते कशाचंही कारण विचारायला "काहून गा" म्हणाले की माझा फोन "कानून" लिहायचा, जणू दारात वकील आला आहे. मारोतरावांना सगळा प्रकार कळल्यावर ते इतके हसले की फोनला त्याचे शब्द करता येईनात. नंतर जे उमटलं ते मी जपून ठेवलं आहे, त्यांच्या बोलीत सांगतो. "बायकोचं आयकू येऊ नये म्हणून कापूस घातला, अन् आता तेच वाचून राहिला!"

आता नीट गुणदोष सांगतो. माझा फोन पोटानं मोठा आहे. सकाळी भरला की रात्रीपर्यंत चालतो, हातातून पडला तरी रुसत नाही. पण नेट गेलं की तो मुका. तुझ्या शेतावर रेंज फक्त गोठ्याजवळ येते, म्हणजे माणसाशी बोलायचं तर त्याला गोठ्यात न्यावं लागेल. उन्हात त्याचा पडदा पाटीसारखा काळा पडतो. शिवाय डोक्यावर पंखा फिरत असला की तो त्या घरघरीतच शब्द शोधत बसतो. आयुषचा फोन नेट नसलं तरी लिहितो, उन्हातही वाचता येतो, अक्षरं बोराएवढी मोठी करता येतात, आणि पंखा बाजूला सारून माणूस तेवढा उचलतो. त्याची खोड म्हणजे तो लवकर तापतो आणि दुपारपासून पोट खपाटीला जातं. समोरचा बोलता बोलता थांबला की कधी पडदा आपोआप विझतो, तेही आयुषनं बंद करून दाखवलं. दोघांचा एक दोष सारखा आहे. दोन माणसं एकदम बोलली की दोन ओढ्यांचं पाणी एक व्हावं तसं होतं. मी म्हटलं, बारशाला बायांना सांगू, एकेकीनं बोला. प्रेमिला म्हणाली, "ते देवालेही जमलं नाही."

पण एक गोष्ट झाली आणि माझा निकाल तिथेच लागला. मी ओसरीत, कान बंद, रितिका सोडली तर घरात दुसरं कोणी नाही. ती न्हाणीघरात होती. आयुषचा फोन हातात थरथरला. पडद्यावर कोणाचंच बोलणं नव्हतं, फक्त लिहिलं होतं की बाळ रडत आहे. मी आत धावलो. पोरगी खरंच रडत होती, मूठ वळून, लालबुंद. मला तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, तरी मी वेळेवर पोचलो होतो. तिला खांद्यावर घेऊन मी देवघरासमोर उभा राहिलो. ज्यानं माणसाला अशी वस्तू करायची बुद्धी दिली त्याच्यापुढे तिचं डोकं टेकवलं.

त्याच संध्याकाळी आयुषच्या फोनसारखाच एक फोन तुझ्यासाठी आणला. सीताबर्डीच्या दुकानातली अबोली नावाची मुलगी फार चांगली. मी एकेक फोन तोंडाशी धरून "मले, तुले" बोलत होतो तर ती म्हणाली, "काका, शुद्ध बोला ना, बरोब्बर लिहील." मी म्हटलं, बाई, मी बोलेन शुद्ध, पण माझ्या बहिणीच्या अंगणात कोण बोलेल? तेव्हा तिनं दाखवलं की फोनला आपले शब्द शिकवता येतात. एकदा लिहून दिले की तो ते ओळखीचे धरतो. तेव्हापासून रोज सांजवात झाली की मी त्याची शाळा घेतो. मले, तुले, काहून, अखीन. तुझ्या दोन्ही म्हशींची नावं. तू मला रूप्या म्हणतेस आणि तो हट्टानं "रुपया" लिहीत होता, तेही सुधारलं. परवा प्रेमिला "मले" म्हणाली आणि त्यानं चक्क "मले" लिहिलं. घरात पेढे वाटायचेच तेवढे राहिले होते. अजून चुकतो, पण आपल्या शाळेत मी किती चुकायचो ते तू पाहिलंच आहेस. एक मात्र ध्यानात ठेव. पाठीमागे कुजबुजणाऱ्यांचंही कधीकधी तो लिहितो. तेव्हा वाचल्यासारखं दाखवू नकोस.

आता तुझ्या निरोपाबद्दल. लोकांची तोंडं पाहत बसू का, असं तू विचारलंस. त्या रविवारी मी दुपारपर्यंत फोनमध्ये खाली मान घालून बसलो होतो. एकही शब्द सुटला नाही. मग डोळे दुखले म्हणून फोन उपडा ठेवला. समोर रितिका पोरीला तेल लावत होती. काय बोलत होती मला कळलं नाही. पण ती बोलायची, पोरगी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहायची, आणि तिचेही ओठ तसेच हलू लागायचे. त्या पोरीला तरी कुठे शब्द कळतात, ताई? ती दिवसभर आमची तोंडंच पाहते. मी कितीतरी वेळ बसून राहिलो आणि मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

पत्र लिहायचं खरं कारण शेवटी आलं. आयुषला बहीण नाही, म्हणजे या घरात आत्या म्हणून तूच. आयुषच्या बारशाला आपल्या बाबांनी आजोबांचं नाव ठरवलं होतं, दादाजी. पोरगं कुठे नुकतं काचेच्या पेटीतून बाहेर आलेलं. तू पाळण्यावर वाकलीस, त्याच्या कानात कुर्र केलंस, आणि उठून सगळ्यांना सांगितलंस, आयुष. बाबा तुझ्याशी अबोला धरून बसले, पण ते नाव पहिल्यांदा मोठ्यानं हाकारलं तेही त्यांनीच. काल सांजवातीनंतर मी दोन्ही फोन जवळ घेतले आणि हळूच, अगदी बारशात म्हणतात तसं, कुर्र केलं. मग आणखी हळू एक नाव म्हटलं. माझा फोन कोरा राहिला. आयुषचाही कोराच. या एका ठिकाणी ते दोघेही बहिरे आहेत. तिथे तुझ्याशिवाय कोणाचा उपयोग नाही, आणि तुला ऐकायचं काहीच नाही. ऐकायचं आहे ते पोरीनं. मागून पाठीवर बायांचे धपाटे पडतील, ते काही ऐकावे लागत नाहीत. आम्ही नाव ठरवलेलं नाही. रितिका म्हणते, आत्या सांगतील ते. बारसं पुढच्या रविवारी आहे. पोरगी कोणावर जाईल ते अजून कळत नाही, पण तू आदल्या दिवशी, शनिवारी, साडेसातच्या एसटीवर ये.

तुझाच,
रूप्या