जागा सोडलेला दिवा

कॅरिगरो, वेक्सफर्ड
ता. २ नोव्हेंबर १८७१

चि. मायल्स यास,
ऑनोराताईचे अनेक आशीर्वाद. परवाच्या वादळात भर समुद्रात नांगरलेल्या तुमच्या दीपनौकेचं काय झालं असेल, या विचाराने दोन्ही दिवस हातातली जपमाळ सुटली नाही. मॅटी सिनॉट हेरिंग मासळीच्या जाळ्यांकडे जाताना तुझ्याकडे वळणार आहे. त्याच्याबरोबर लोकरी मोजे आणि पाव पाठवते. पाव खाली करपलाय, तेव्हा नाक मुरडू नकोस.

निकोलसचं कार्डिफहून पत्र आलं. कोळसा भरून नऊ-दहा तारखेला निघेल. मेहुण्याला दिवा लखलखीत ठेवायला सांग म्हणतो. म्हणे, तो उजव्या हाताला ठेवून वाळूचा दांडा चुकवला की मी डोळे मिटून घरी येतो. बढाया मारण्यात तुझे दाजी कधी मागे पडलेत का?

एक गंमत सांगते. आमच्या अंगणाच्या भिंतीपाशी उभं राहिलं की तुमची डोलकाठी देवळाच्या क्रुसामागे नेमकी झाकली जाते, हे तुला ठाऊकच आहे. वादळानंतर ती क्रुसाच्या उजवीकडे चांगली वीतभर दिसते. मला वाटलं, माझे डोळे गेले. शेजारच्या पेग रॉसिटरला दाखवलं, तर तीही तेच म्हणाली. काय रे, घर हलवलंत की काय न सांगता?

तुझी,
ऑनोराताई


लांबदांडा दीपनौका
ता. ६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मोजे पोचले. करपलेला पाव चौघांनी भांडून खाल्ला.

तुझी गंमत मी कॅप्टन स्टॅफर्डना वाचून दाखवली. ते हसले आणि बायका कपडे वाळत घालता घालता जहाजांच्या जागा केव्हापासून ठरवायला लागल्या, असं म्हणाले. दूरचा डोंगर धुक्यात गडप आहे. तो दिसल्याशिवाय आम्हाला आमची जागा ताडून पाहता येत नाही. म्हणून मी खोली मोजायच्या शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावून ते दोरीने तळापर्यंत सोडलं. आमच्या जागी नऊ वाव खोल पाणी असतं आणि चरबीला शिंपल्यांचा चुरा चिकटून येतो. पाणी तेरा वाव भरलं आणि वर आला काळा चिखल. तीनदा सोडलं. तिन्ही वेळा चिखलच. कॅप्टन म्हणाले, चरबी नीट लावली नसशील.

ताई, तू दीपनौकेवरच्या माणसाची मुलगी आहेस, तेव्हा नियम तुला माहीत आहे. नांगर घसरून नौकेने जागा सोडली, की मोठा कंदील चढवायचा नाही, लाल निशाण लावायचं. चुकीच्या जागचा दिवा अंधारापेक्षा वाईट, असं बाबा सांगत. पण कॅप्टन येत्या नाताळात निवृत्त होणार. एकतीस वर्षांत नौका एकदाही हलली नाही, हा त्यांचा अभिमान. वाईट माणूस नाही गं. मला आभाळ वाचायला त्यांनीच शिकवलं. घाबरलेत, एवढंच.

दाजींना निघू नका म्हणून तार कर. भिंतीपाशी दोन काठ्या रोवून नीट पाहा आणि मला कळव.

तुझा,
मायल्स


कॅरिगरो
ता. ९ नोव्हेंबर

चि. मायल्स यास,
आशीर्वाद. काठ्या रोवून तीन दिवस पाहिलं. डोलकाठी आणखी उजवीकडे सरकली आहे. तुम्ही अजून घसरताय.

किनाऱ्याच्या पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याकडे गेले. खुर्ची दिली, चहा दिला. कॅप्टनने निशाण लावल्याशिवाय आपल्याला काही करता येत नाही म्हणाला. डब्लिनच्या दीपगृह-कचेरीला लिहितो, आठ-दहा दिवसांत उत्तर येईल. आधी खात्री करू म्हणून थांबले आणि आज कार्डिफला तार केली. उत्तर आलं की जहाज आज पहाटेच सुटलं.

काय करायचं ते तू ठरव. मी बायको म्हणून काही लिहायला बसले, तर भलतंच लिहीन.

तुझी,
ऑनोराताई


लांबदांडा
ता. १० नोव्हेंबर, दुपारी

ती. ताईस,
सा. न. मॅटी होडीत थांबलाय आणि लवकर आटप म्हणून शिव्या घालतोय.

तुझं पत्र मी कॅप्टनसमोर ठेवलं आणि म्हणालो, आज कंदील मी चढवणार नाही. बाकीचे दोघेही माझ्या बाजूने उभे राहिले. कॅप्टन मला अडवतील असं वाटलं होतं. पण ते भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. लाल निशाण मीच चढवलं. रात्री दोन टोकांना लाल कंदील ठेवू, ते दूरवरून दिसत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी तोफ उडवू. वारा समुद्रावरून आहे, आवाज कुठवर जाईल कोण जाणे.

दिवा दिसला नाही की शहाणा माणूस जहाज बाहेर वळवतो आणि उजाडेपर्यंत थांबतो. दाजी थांबतील ना? तू त्यांना जास्त ओळखतेस.

तुझा,
मायल्स


कॅरिगरो
ता. १२ नोव्हेंबर, रविवार

चि. मायल्स यास,
अनेक आशीर्वाद. तुमचं निशाण दिसलं आणि त्या अधिकाऱ्याची धावपळ सुरू झाली. समुद्र निवळला की तुम्हाला ओढून जागेवर न्यायला बोट निघेल. मंगळवारच्या आत नाही म्हणतात.

काल उजाडलं तेव्हा दोन जहाजं वाळूच्या दांड्याच्या बाहेर थांबलेली दिसली. दिवा नाही म्हणून रात्रभर तिथेच राहिली होती. सगळं गाव किनाऱ्यावर गोळा झालं. एक नॉर्वेचं निघालं, दुसरं लिव्हरपूलचं. आज आणखी एक आलं, तेही परकं.

निकोलस थांबेल का, असं विचारलंस. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हा माणूस चहा निवेपर्यंत कधी थांबलेला नाही. तरी थांबला असेल, असं मी दर तासाला स्वतःला सांगते. प्रार्थनेनंतर सगळे खाली बघत घरी गेले. पेगने नुसता हात धरला.

तुझ्यावर राग नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. उद्या काय कळेल आणि मी काय बोलेन, याचा मला भरवसा नाही. उद्या काही बोलले तरी हेच खरं धर.

मॅटी सांगत होता की माझ्यासाठी तुझं मन डळमळतंय, आज कंदील चढवावा असं तुला वाटतंय. निकोलस बाहेर असेल तर त्याला काहीतरी दिसावं म्हणून. मायल्स, मलाही तेच वाटतं. काल रात्री हेच मागत मी गुडघ्यांवर बसले होते.

लावू नकोस. आज नको, उद्याही नको. नौका जागेवर जाईपर्यंत नको.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ऑनोराताई